वाड्यातली माउझर आणि संपलेला परवाना

प्रश्न : माझे आजोबा राधानगरी तालुक्यातले. त्यांनी संस्थानी काळात एक जर्मन शिकारी रायफल घेतली होती आणि ती पुढे वडिलांच्या परवान्यावर आली. परवान्यात ‘.275 बोअर रायफल’ (बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप) अशी नोंद आहे. नळीवर मात्र ‘7×57’ असे कोरलेले असून वरच्या बाजूला माउझर हा जर्मन कारखाना आणि त्याचे गाव ओबर्नडॉर्फ यांची नावे आहेत. वडील 2021 पासून पक्षाघाताने अंथरुणाला खिळून होते, त्याच वर्षी परवान्याची मुदत संपली आणि नूतनीकरण राहून गेले. आठ महिन्यांपूर्वी ते वारले. तीन आठवड्यांपूर्वी वाड्यातली सागवानी पेटी उघडली, तेव्हा या रायफलीबरोबर जर्मनीतल्या झूल गावी बनलेले तीन नळ्यांचे दुसरे शस्त्र आणि चाळीसेक काडतुसे मिळाली. या दुसऱ्या शस्त्राची नोंद कोणत्याही कागदावर नाही. चुलतभाऊ म्हणतो की या पुराणवस्तू आहेत, नळीला भोक पाडून भिंतीवर लावाव्यात. मुंबईचे एक गृहस्थ फोटो पाहून चांगली रक्कम देऊ करत आहेत. माझी स्वतःची इच्छा मात्र ही दोन्ही शस्त्रे जपून त्यांच्यापासून जुन्या जर्मन रायफलींचा संग्रह सुरू करण्याची आहे. मी पुण्यात राहतो. आई आणि विवाहित बहीण आहे. मी काय करावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रातली आस्था मला समजते. ओबर्नडॉर्फच्या कारखान्यातली युद्धपूर्व शिकारी रायफल ही हातकामाची अव्वल वस्तू असते आणि ती आजोबांची असली, तर तिची किंमत पैशात होत नाही. तरीही सर्वांत आधी जे सांगायला हवे ते स्पष्ट सांगतो. आज ही दोन्ही शस्त्रे आणि सर्व काडतुसे तुमच्या ताब्यात परवान्याशिवाय आहेत. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 3 प्रमाणे अग्निशस्त्र आणि दारूगोळा बाळगण्यासाठी ज्याच्या ताब्यात तो आहे त्याच्या नावाचा चालू परवाना लागतो. वारसाहक्काने वस्तूची मालकी तुमच्याकडे येते, ती जवळ बाळगण्याचा अधिकार येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना ताब्यासाठी कलम 25 खाली किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावास व दंड अशी तरतूद आहे. म्हणून परवान्याचा अर्ज ही तुमची दुसरी पायरी आहे; पहिली पायरी ही शस्त्रे जमा करण्याची असून ती याच आठवड्यात व्हायला हवी.

कायद्याने त्यासाठी सरळ वाट ठेवलेली आहे. मुदत संपल्यामुळे किंवा अन्य कोणत्याही कारणाने शस्त्राचा ताबा कायदेशीर राहिला नाही, तर ते विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे, असे कलम 21 सांगते, आणि मूळ मालक मरण पावला असल्यास त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीला, परवाना मिळाल्यावर, ते परत घेण्याचा किंवा पात्र व्यक्तीला विकण्याचा हक्कही देते. माउझरसाठी मी शस्त्रविक्रेत्याकडे जमा करण्याचा आग्रह धरीन, कारण राधानगरीच्या पावसात पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या नळीचे काय होते हे मी पाहिले आहे. परंतु रायफल गाडीत घालून स्वतः कोल्हापूरला किंवा पुण्याला नेऊ नका. विनापरवाना शस्त्राची वाहतूक हा वेगळा प्रश्न होऊन बसेल. वकिलामार्फत स्थानिक ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या, त्यात पेटी कधी व कोणासमक्ष उघडली, काय सापडले हे लिहा, शस्त्रे वाड्यावरूनच ताब्यात घ्यावीत अशी विनंती करा आणि माउझर शस्त्रविक्रेत्याकडे ठेवण्याची परवानगी त्याच पत्रात मागा. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. काडतुसे मोजून द्या. जमा केलेली वस्तू विहित मुदतीत परत घेतली नाही किंवा विकली नाही, तर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ती सरकारजमा होऊ शकते. तेव्हा ही मुदत कोणत्या तारखेला संपते हे जमा करतानाच लेखी विचारून घ्या आणि जमापावती हरवू देऊ नका.

जमा करण्याआधी रायफल स्वच्छ करण्याचा मोह होईल, तो टाळावा. अशा रायफलींवर कारखान्याचे नाव, अनुक्रमांक आणि 1891 च्या जर्मन कायद्यापासून सुरू झालेले चाचणीचे शिक्के असतात. मुकुटाखाली ‘बी’, ‘यू’, ‘जी’ अशा रोमन अक्षरांचे ते ठसे नळीवर व नळीमागच्या यंत्रणेच्या लोखंडी भागावर बारीक कोरलेले असतात, आणि गंज काढण्यासाठी पॉलिश पेपर फिरवला किंवा नळीला नव्याने निळा मुलामा दिला की ते पुसट होतात. संग्राहकाच्या दृष्टीने तो तोटा आहेच, पण कायद्याच्या दृष्टीने धोका अधिक मोठा आहे : कलम 8 प्रमाणे अग्निशस्त्रावरील नाव, क्रमांक वा ओळखखूण पुसणे किंवा बदलणे यास मनाई आहे आणि खूण पुसलेले शस्त्र ज्याच्याजवळ सापडते त्यानेच ती पुसली, असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते. ओबर्नडॉर्फ 1945 मध्ये फ्रेंच सैन्याच्या ताब्यात गेल्यावर कारखान्याच्या नोंदवह्या नष्ट झाल्या, त्यामुळे रायफल कधी व कोणाला विकली गेली याचा दाखला तिथून मागवता येत नाही. रायफलीवरचे आकडे व ठसे हाच तुमचा मुख्य पुरावा आहे. दोन साक्षीदारांसमक्ष, कोणताही भाग न उघडता, अनुक्रमांकाचे आणि ठशांचे जवळून फोटो घ्या आणि जमापावतीत तेच आकडे उतरवून घ्या.

आता ‘.275’ आणि ‘7×57’ यांविषयी. वरवर पाहता परवान्यावरचे शस्त्र एक आणि पेटीतले दुसरे असे वाटते, आणि कार्यालयातल्या लिपिकाने तशी हरकत घेतली तर त्यात नवल नाही. वस्तुतः हे एकच काडतूस आहे. माउझरचे सात मिलिमीटरचे काडतूस इंग्लंडमध्ये रिग्बी या बंदूककाराने ‘.275’ या नावाने विकले, आणि ब्रिटिश अमलाखालच्या हिंदुस्थानात तेच नाव परवान्यांवर चढले. 1907 मध्ये जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफल याच जातीची, माउझरच्या रचनेवर रिग्बीने बांधलेली होती. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून किंवा शस्त्रतज्ज्ञाकडून या अर्थाचे लेखी प्रमाणपत्र घ्या आणि ते अर्जाला जोडा. निर्णायक गोष्ट मात्र अनुक्रमांकाची आहे. परवान्यातला आणि रायफलीवरचा क्रमांक जुळत असेल तर बोअरच्या नावातला फरक किरकोळ ठरतो. क्रमांक जुळत नसेल तर अर्ज करण्याआधी माझ्याशी किंवा तुमच्या वकिलांशी पुन्हा बोला, कारण मग माउझरचीही गणना त्या दुसऱ्या शस्त्राप्रमाणेच होईल.

ते दुसरे शस्त्र हा तुमच्या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग आहे. जर्मन लोक त्याला ‘ड्रिलिंग’ म्हणतात; बहुधा वर छऱ्याच्या दोन नळ्या आणि खाली रायफलीची एक अशी त्याची घडण असते. त्याचा कागद नाही, म्हणून ‘मुदत संपली’ हे स्पष्टीकरण इथे चालत नाही. तुमच्या बाजूने असलेली गोष्ट म्हणजे ताब्यासाठी कायदा जाणीव मागतो. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या 1972 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र अधिनियमाखालील ताब्यात जाणिवेचा अंश असला पाहिजे असे स्पष्ट केले आहे. पेटी उघडेपर्यंत हे शस्त्र तिथे आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हते, त्यामुळे त्याआधीच्या काळाचा दोष तुमच्याकडे येत नाही. पण तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही ते पाहिले आणि तेव्हापासून प्रत्येक गेलेला दिवस तुमच्या विरुद्ध मोजला जाऊ शकतो. स्वतःहून दिलेली लेखी माहिती आणि तिची तारीख हेच इथे तुमचे संरक्षण आहे. कलम 3 च्या भंगासाठी खटला भरायला कलम 39 प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, आणि ती देताना हे वर्तन विचारात घेतले जावे अशी मागणी करता येते. तरीही पत्र देण्याआधी वकिलांनी अटकपूर्व जामिनाचा मसुदा तयार ठेवावा.

या शस्त्राचा कागद खरोखरच नाही का, याचाही कसून शोध घ्या. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याआधी आजोबांना मिळालेली परवानगी संस्थानाची असणार. तिची नोंद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जुन्या शस्त्रनोंदवहीत असू शकते. वाड्यातल्या जुन्या वह्या, शस्त्रविक्रेत्याची बिले, आजोबांचे परवाना पुस्तक, तेही पाहा. असा एखादा कागद मिळाला तर आजोबांचे वारस म्हणून या शस्त्रावरही दावा मांडता येईल. न मिळाल्यास ते परत मिळण्याची आशा फारशी धरू नका, असे मला प्रामाणिकपणे सांगावे लागेल. अशा वेळी ते वितळवले न जाता एखाद्या शासकीय संग्रहालयात जावे, अशी लेखी विनंती मी तुमच्या जागी असतो तर नक्की केली असती.

चुलतभावांचे म्हणणे चुकीचे आहे आणि ते ऐकल्यास तुमचे नुकसान होईल. कलम 45 मधली सूट जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोलाच्या किंवा मोडकळीस आलेल्या शस्त्रांना आहे खरी, पण ते शस्त्र दुरुस्ती करूनही चालवता येणार नाही अशा अवस्थेत असावे लागते. 1898 च्या माउझर धाटणीवर आजही रायफली बनतात. तुमची रायफल या सुटीत बसत नाही. 2020 च्या नियमदुरुस्तीने दुर्मीळ संग्राह्य शस्त्रे जवळ ठेवण्यासाठी भारतीय नागरिकाला परवाना लागणार नाही, मात्र वापर, बाळगून फिरणे व वाहतूक यांसाठी लागेल, अशी तरतूद केली आहे. या वर्गाचा आधार जरूर मागावा, परंतु आपले शस्त्र त्यात मोडते हे मालकाने घरी बसून ठरवायचे नसते. संग्रहालयाच्या अभिरक्षकाचे मत जोडून परवाना प्राधिकाऱ्याकडून लेखी उत्तर घ्या आणि ते येईपर्यंत शस्त्र जमाच राहू द्या. नळीला भोक पाडण्यासाठी मिस्त्री तर मुळीच बोलावू नका. शस्त्राची दुरुस्ती वा त्यात फेरफार हे परवानाधारकाचेच काम आहे, आणि तुमच्या बाबतीत तो पुरावा बिघडवल्याचा प्रकार दिसेल.

माउझर स्वतःच्या नावावर करून घेण्याचा मार्ग शस्त्र नियम, 2016 मधील नियम 25 मध्ये आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसाला परवाना देता येतो. तुम्ही पुण्यात राहता, म्हणून अर्ज पुणे पोलीस आयुक्तांकडे करावा. वडिलांचा मृत्यूदाखला, मूळ परवाना, जमापावती, आई व बहीण यांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र सोबत लागेल. एक हरकत निश्चित येईल : वडील वारले तेव्हा परवान्याची मुदत संपलेली होती, मग ते ‘परवानाधारक’ कसे? त्यासाठी 2021 पासूनची रुग्णालयाची कागदपत्रे जोडून नूतनीकरण का राहिले ते सविस्तर लिहा आणि वारस म्हणून केलेल्या अर्जातच, तो आधार मान्य न झाल्यास स्वतंत्र परवान्यासाठी विचार व्हावा, अशी पर्यायी मागणी ठेवा. नकार मिळाल्यास त्याची कारणे लेखी मागा. कलम 18 खाली अपील करता येते. परवान्यात शस्त्र ठेवण्याचा पत्ता पुण्याचाच द्या. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम 34 प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना देण्यास मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते, आणि तुमचा वाडा राधानगरी अभयारण्याच्या त्या परिघात असण्याची शक्यता मोठी आहे. वाड्याच्या भिंतीवर शिंगे किंवा कातडे असल्यास तेही मला कळवा. वारशाने आलेल्या अशा वस्तूची घोषणा त्याच कायद्याखाली नव्वद दिवसांत करावी लागते आणि तुमची ती मुदत उलटून गेली आहे.

मुंबईच्या गृहस्थांकडून आगाऊ रक्कम घेऊ नका आणि आणखी फोटो पाठवू नका. स्वतःचे शस्त्र विकण्याआधी खरेदीदाराचे नाव व पत्ता लेखी कळवून 45 दिवस थांबावे लागते, आणि तुमच्याकडे आज विकण्याचाही अधिकार नाही. पुढे विकायचेच झाल्यास जमा असलेल्या ठिकाणाहूनच, चालू परवाना असलेल्या माणसाला, शस्त्रविक्रेत्यामार्फत विक्री व्हावी.

राहता राहिला संग्रहाचा विचार. 2019 पासून एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि वारशाने मिळणाऱ्या परवान्यालाही हीच मर्यादा आहे, त्यामुळे तुमच्या मनात आहे तसा चालू रायफलींचा संग्रह सर्वसामान्य परवान्यावर उभा राहू शकत नाही. आयातीचा परवाना हातात नसताना जर्मनीतल्या लिलावात बोलीही लावू नका. सुटे भाग मागवणे निरुपद्रवी वाटते, पण रायफलीची नळी किंवा बोल्ट कायद्याच्या व्याख्येत अग्निशस्त्रातच येतो, आणि काडतुसांच्या भागांनाही दारूगोळ्याची व्याख्या लागू पडते. ओबर्नडॉर्फ आणि झूल येथील कारखान्यांची जुनी सूचिपत्रे, संस्थानी काळातली बिले व परवाने, येना किंवा वेट्झ्लार येथे बनलेल्या जुन्या दुर्बिणी, चामड्याच्या पेट्या हे सर्व मात्र तुम्ही मोकळेपणाने जमवू शकता, आणि आजोबांच्या रायफलीचा इतिहास लिहायला त्याचाच उपयोग होईल. तूर्त परवान्याचे पुस्तक, अनुक्रमांकाचे फोटो आणि पेटी उघडताना हजर असलेल्या व्यक्तींची नावे घेऊन दोन दिवसांत वकिलांना भेटा. पोलीस ठाण्याला द्यायचे पत्र त्याच बैठकीत तयार होऊ शकते.