तीनच कामं घे

अगं, कॉलेजात शिकवायला रुजू होऊन महिना नाही झाला आणि नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइली, रांगोळी, पाहुण्यांचे पुष्पगुच्छ सगळं तुझ्याच गळ्यात? मीही हेच केलं. नॅकची तपासणी करणारी पीअर टीम यायच्या आदल्या रात्री अहवालाचं बाइंडिंग करून दादरहून शेवटची कर्जत लोकल गाठली. सही मात्र सरांची. (सर सहाच्या गाडीने घरी!)

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत पदोन्नतीच्या तक्त्यात उपक्रमांच्या रकान्यात किमान तीन उपक्रम असले की ‘चांगला’ शेरा मिळतो. तू दहा केलेस तरी शेरा तोच. शोधनिबंधांचा रकाना वेगळा, तो रांगोळीने भरत नाही. तेव्हा तीन निवड, प्रत्येकाचं नेमणूकपत्र लेखी माग. ‘मॅडम, तुम्हीच बघा ना’ आलं की हसून नाही म्हण. स्टाफरूमबाहेर रडत उभ्या मुलींना मात्र परत पाठवू नकोस, त्याला रकाना नसला तरी.