शिकारी रायफलीला सप्रेसर घ्यावा का?

प्रश्न : मी गेली बरीच वर्षे पूर्व पेनसिल्व्हेनियात राहतो. ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर रीतसर शिकारीचा परवाना काढला आणि तेव्हापासून थँक्सगिव्हिंगनंतर सुरू होणाऱ्या हंगामात पॉटर काउंटीच्या जंगलात हरणांच्या शिकारीला जातो. माझ्याकडे .३०८ विंचेस्टर काडतुसाची, २२ इंची नळीची बोल्ट ॲक्शन रायफल आहे. यंदापासून माझा १४ वर्षांचा मुलगाही सोबत येईल. हरणाची चाहूल लागावी म्हणून जंगलात मी कानात काही घालत नाही. अलीकडे रात्री निजताना डाव्या कानात बारीक शीळ वाजल्यासारखे वाटते. सोबतचे शिकारी म्हणतात की सप्रेसरवरचा, म्हणजे नळीच्या तोंडाला बसवायच्या आवाज कमी करणाऱ्या नळकांड्यावरचा, २०० डॉलरचा कर आता उरलेला नाही, तर घेऊनच टाका. पत्नीला मात्र अशी वस्तू घरात आणणे पसंत नाही. त्यातच आमच्या कंपनीचे कार्यालय न्यू जर्सीत हलवण्याची चर्चा सुरू आहे. मी काय करावे?

— एक वाचक, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : तुमच्या पत्रात मला सर्वांत अधिक काळजी वाटली ती डाव्या कानातल्या शिळेची. उजव्या खांद्याला रायफल लावणारा माणूस गाल दस्त्यावर टेकवतो, तेव्हा त्याचा उजवा कान डोक्याच्या आणि खांद्याच्या आडोशाला जातो, तर डावा कान नळीच्या तोंडाकडे उघडा राहतो. म्हणून उजव्या हाताने नेम धरणाऱ्या शिकाऱ्यांत डाव्या कानाची हानी अधिक आढळते, आणि तुमचे लक्षण या चित्राशी जुळते. .३०८ च्या बाराचा आवाज नेमबाजाच्या कानाशी साधारण १६५ डेसिबेलच्या घरात असतो. क्षणभराच्या स्फोटक आवाजासाठी १४० डेसिबेल ही धोक्याची मर्यादा मानली जाते, आणि ती ओलांडली की एकच बारसुद्धा कायमची इजा करू शकतो. आंतरकर्णातल्या ज्या सूक्ष्म केशपेशी ध्वनी टिपतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. तेव्हा सप्रेसरचा निर्णय काहीही होवो, येत्या पंधरवड्यात कानाच्या तज्ज्ञाकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्या, आणि मुलाचीही करून घ्या, म्हणजे त्याचे कान आज कसे आहेत याची नोंद राहील.

आता सप्रेसर नेमके काय करतो ते पाहू. गोळीमागून नळीच्या तोंडातून सुटणारा प्रचंड दाबाचा तप्त वायू हवेवर एकदम आदळतो, त्याचाच तो धमाका असतो. सप्रेसरच्या नळकांड्यात एकामागोमाग एक भोके पाडलेले पडदे असतात. गोळी त्या भोकांतून सरळ निघून जाते, आणि वायू मात्र पडद्यांमधल्या कप्प्यांत फिरत, पसरत, थंड होत हळूहळू बाहेर येतो. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकी संशोधकाने १९०९ मध्ये याचे पेटंट घेतले, आणि मोटारीच्या इंजिनाचा आवाज दाबण्यासाठीही त्याने याच विचारावर काम केले. चांगला सप्रेसर साधारण २० ते ३५ डेसिबेल आवाज कमी करतो. ऐकायला हा आकडा लहान वाटतो, पण डेसिबेलच्या मापात दर १० ने ध्वनीची तीव्रता दहापट बदलते, म्हणजे ३० डेसिबेलची घट ही हजारपट घट आहे.

तरीही बेरीज-वजाबाकी तुम्हीच करून पाहा. १६५ मधून ३० गेले तर १३५ उरतात. हा आवाज धोक्याच्या रेषेच्या जेमतेम आत आहे, आणि नळी आखूड असेल किंवा सप्रेसर लहान असेल तर तो त्या रेषेबाहेरही जाईल. चित्रपटांत ऐकू येणारी ती हलकी फुस्स अशी चाहूल खऱ्या शिकारी रायफलीत कधीच मिळत नाही. याला दुसरेही कारण आहे. .३०८ ची गोळी सेकंदाला ८०० मीटरहून अधिक वेगाने जाते आणि ध्वनी सुमारे ३४० मीटरने जातो, त्यामुळे गोळी आपल्या वाटेवर चाबकासारखा कडाका उठवत जाते, आणि नळीच्या तोंडाशी बसवलेले कोणतेही साधन तो थांबवू शकत नाही. ध्वनीपेक्षा मंद गोळी वापरली तर कडाका जातो, पण तिच्यात हरीण स्वच्छपणे मारण्याइतकी ताकद अंतरावर उरत नाही, आणि जनावर जखमी करून सोडणे हा शिकारीतला सर्वांत मोठा दोष आहे. म्हणून सप्रेसर घेतला तरी कानाचे रक्षण सोडू नका. दोन्ही मिळून जे संरक्षण मिळते, ते एकट्या कशानेही मिळत नाही.

हरणाची चाहूल ऐकू यावी हा तुमचा आग्रह मला पूर्ण समजतो. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक कानटोप मिळतात. पाचोळ्यावरची पावले, फांदीची कुरकुर, सोबत्याची कुजबुज असे बारीक आवाज ते वाढवून ऐकवतात आणि मोठा आवाज येताच तो दाबून टाकतात. साधे ५० डॉलरच्या आसपास मिळतात, चांगले त्याहून महाग असतात. सप्रेसर घेण्याआधी, अगदी या हंगामाआधी, असे दोन जोड आणावेत, एक तुमच्यासाठी आणि एक मुलासाठी. यात कोणाची संमती लागत नाही, कोणताही अर्ज लागत नाही.

मुलाच्या दृष्टीने सप्रेसरचा आणखी एक लाभ आहे, आणि माझ्या मते तो कमी लेखला जातो. सप्रेसरमुळे खांद्यावर बसणारा धक्काही लक्षणीय कमी होतो. नवशिक्या मुलाला मोठ्या रायफलीचा धक्का आणि धमाका यांची धास्ती बसली की चाप ओढण्याच्या क्षणी तो डोळे मिटतो, खांदा आक्रसतो आणि नेम हुकतो. ही सवय एकदा लागली की मोडणे फार कठीण जाते. शिवाय बारानंतर लगेच तुमची सूचना त्याला ऐकू येते, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने हे मोलाचे आहे.

पत्नीच्या शंकेला नुसते भय समजून बाजूला सारू नका. या वस्तूविषयीची भीती पुष्कळ अंशी चित्रपटांनी निर्माण केली आहे. नॉर्वेसारख्या देशात शिकारी सप्रेसर सर्रास वापरतात, आणि ब्रिटनमध्येही हरणांच्या रायफलींवर तो नेहमीचा झाला आहे, कारण शिकाऱ्याचे कान आणि शेजाऱ्यांची शांतता या दोन्हींची तिथे काळजी घेतली जाते. पण पत्नीच्या शंकेची कायदेशीर बाजू खरी आहे. अमेरिकेत १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टने सप्रेसरला मशीनगनच्या शेजारी नेऊन बसवले आणि त्याची नोंदणी सक्तीची केली. १ जानेवारी २०२६ पासून त्यावरचा २०० डॉलरचा कर शून्यावर आला, एवढेच तुमच्या मित्रांचे म्हणणे खरे आहे. फॉर्म ४ हा मालकी नावावर करण्याचा अर्ज, बोटांचे ठसे, छायाचित्र, पार्श्वभूमीची तपासणी आणि स्थानिक पोलीस प्रमुखाला द्यायची सूचना हे सगळे कायम आहे, आणि मंजुरी येईपर्यंत वस्तू विक्रेत्याकडेच राहते. ती केवळ तुमच्या नावावर नोंदली तर तुमच्या गैरहजेरीत ती पत्नीच्या ताब्यात असणेही अडचणीचे ठरू शकते. पुष्कळ जण यासाठी ट्रस्ट करून त्यात जोडीदाराला विश्वस्त नेमतात. मात्र २०१६ पासून अशा प्रत्येक जबाबदार व्यक्तीला स्वतःचे ठसे आणि छायाचित्र द्यावे लागते. पत्नीला त्यात पडायचे नसेल, तर एकट्याच्या नावावर घ्या आणि तिजोरीची किल्ली केवळ तुमच्याकडेच असू द्या. कोणता मार्ग धरायचा हे दोघांनी अर्ज करण्याआधीच ठरवावे.

माझ्या दृष्टीने खरा पेच न्यू जर्सीचा आहे. सामान्य नागरिकाला सप्रेसर बाळगू न देणारी आठ राज्ये आहेत : कॅलिफोर्निया, डेलावेअर, हवाई, इलिनॉय, मॅसेच्युसेट्स, न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि ऱ्होड आयलंड. यांतली तीन पेनसिल्व्हेनियाला लागून आहेत. पेनसिल्व्हेनियात तो बाळगणे आणि शिकारीला वापरणे कायदेशीर आहे, पण पूर्व पेनसिल्व्हेनियातून नदी ओलांडली की न्यू जर्सी सुरू होते, आणि तुमची पॉटर काउंटी तर थेट न्यू यॉर्कच्या सीमेला भिडते. तिकडच्या मित्राने शेजारच्या जंगलात बोलावले म्हणून रायफल गाडीत तशीच टाकून निघालात, तर काही मैलांत तुम्ही गुन्हेगार ठरू शकता. नोकरीनिमित्त न्यू जर्सीत बिऱ्हाड हलवावे लागले, तर सप्रेसर सोबत नेता येणार नाही आणि तो विकायचा म्हटले तरी घेणाऱ्याला पुन्हा तीच सारी नोंदणी करावी लागेल. नोकरीमुळे राज्य बदलण्याची पाळी आपल्या लोकांवर वारंवार येते, म्हणून हा मुद्दा किमतीच्या आधी विचारात घ्यायला हवा असे मला वाटते.

ओघात इतर वाचकांसाठी एक सूचना करतो. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगण्याला सर्वसाधारण बंदी आहे. वैध शिकार परवाना हा तिला असलेल्या अपवादांपैकी एक आहे, पण त्याच्या भरवशावर सप्रेसरचा अर्ज करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा. कायद्याच्या नजरेत सप्रेसर हाही बंदुकीतच मोडतो, आणि चूक झाली तर तिचा भार इमिग्रेशनवरही पडतो.

रायफलीकडे वळतो. तुमच्या नळीच्या तोंडाला सप्रेसर फिरवून बसवण्यासाठी स्क्रूसारखे आटे आहेत का, हे आधी पाहा. तुमच्या .३०८ सारख्या .३० कॅलिबरच्या रायफलींना बहुधा ५/८ इंच व्यासाचे, इंचाला २४ असे आटे असतात. नसतील तर जाणत्या गनस्मिथकडून पाडून घ्यावे लागतील, आणि ते नळीच्या भोकाशी तंतोतंत एका अक्षावर हवेत. अक्ष जरा जरी तिरका गेला तर गोळी आतल्या पडद्याला घासते आणि सप्रेसर फुटतो, म्हणून पहिल्या बाराआधी सरळ सळई घालून तपासणी करावी. २२ इंची नळीपुढे आणखी सहा-सात इंच आले की झाडावरच्या मचाणात किंवा झुडपांत रायफल अडकू लागते आणि तिचे तोंड जड होते. टायटॅनियमचा सप्रेसर पोलादी सप्रेसरपेक्षा हलका, पण महाग असतो. चांगल्या सप्रेसरला साधारण ५०० ते १२०० डॉलर पडतात, आणि आट्यांचे काम वेगळे. .३० साठीचा सप्रेसर पुढे मुलासाठी घेतलेल्या, बारीक गोळीच्या .२४३ रायफलीवरही चालेल, उलट मात्र कधीही चालणार नाही. तो बसवल्यावर गोळी लागण्याची जागा सरकते, म्हणून दुर्बिणीचा नेम पुन्हा जुळवून घ्यावा. शिकारीहून आल्यावर तो काढून ठेवावा, नाहीतर आतली ओल आणि काजळी नळीला गंज चढवतात. आणि ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या बंदूक सफाईच्या स्वस्त नळकांड्यांना भोके पाडून घरी सप्रेसर करण्याच्या फंदात कोणाच्याही सांगण्यावरून पडू नका. मंजुरीविना तो बनवणे हा दहा वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

तेव्हा माझे मत असे आहे. यंदाचा हंगाम इलेक्ट्रॉनिक कानटोपांवर काढा. कंपनीचा निर्णय कळेपर्यंत सप्रेसर घेऊ नका, कर शून्य झाला हे घाई करण्याचे कारण नव्हे. पेनसिल्व्हेनियातच राहायचे ठरले आणि पत्नीशी नोंदणीबाबत मोकळेपणाने बोलणे झाले, तर अवश्य घ्या. तुमच्या कानाची आजची अवस्था आणि मुलाचे वय पाहता तो खर्च मला पूर्णपणे सार्थ वाटतो. न्यू जर्सीला जाणे पक्के झाले, तर तो विचार सोडून द्या आणि तेच पैसे उत्तम कानटोप आणि तज्ज्ञाकडून साच्यात बनवून घेतलेले कानातले बूच यांवर खर्च करा.

प्रश्न : आमच्याकडे शेतीच्या रक्षणासाठी परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. रानडुकरे भाताची नासाडी करतात. बाराच्या आवाजाने वाडीतली म्हातारी माणसे दचकतात. अमेरिकेतला माझा भाचा सप्रेसर आणून देऊ शकेल का?

— एक शेतकरी, सिंधुदुर्ग

उत्तर : नाही, आणि कृपा करून त्याला तसे सांगूही नका. बाराचा आवाज किंवा ज्वाळेची चमक कमी करणारी जोडसाधने भारतीय शस्त्रनियमांत प्रतिबंधित श्रेणीत मोडतात, आणि तुमच्या बंदुकीचा परवाना त्यांना लागू पडत नाही. परवान्याविना सप्रेसर अमेरिकेबाहेर नेणे हा तिथेही गंभीर गुन्हा आहे, म्हणजे भाचा दोन्ही देशांत अडकेल. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याप्रमाणे त्यासाठी वन विभागाची वेगळी परवानगी लागते. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई राज्य शासन देते, तेव्हा नासाडी दिसताच तिची छायाचित्रे काढून वनपरिक्षेत्र कार्यालयात विनाविलंब अर्ज करा. हवेत बार काढून जनावरे हाकलताना स्वतःच्या कानात औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बूच घाला आणि वाडीत आधी वर्दी द्या.