शिळेवरचा दागिना चांदीत उतरवताना

प्रश्न : मी घरीच चांदीचे दागिने घडवते. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयातील दगडी मूर्तींवरून पदके आणि कर्णभूषणे करण्याचा विचार आहे. त्यास कायद्याची आडकाठी आहे का, आणि दागिन्याला जुनेपणाची झाक कशी आणावी?
– एक वाचक भगिनी, फोंडा

उत्तर : आडकाठी नाही. शतकांपूर्वीच्या शिल्पावर कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नसतो. मात्र त्याचे पुस्तकात छापलेले छायाचित्र छायाचित्रकाराचे असू शकते, म्हणून रेखाटन आपण स्वतः, मूर्तीसमोर उभे राहून करावे. छायाचित्रे घ्यायची असल्यास तेथे आधी विचारावे. पुरावशेषांविषयीच्या १९७२ च्या कायद्यानुसार अशी वस्तू साधारणतः किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. तेव्हा आपला माल ‘पुरातन’ म्हणून विकणे ही सरळ फसवणूक ठरेल. ‘अमुक मूर्तीवरून प्रेरित, नवी घडण’ एवढे चिठ्ठीवर लिहिलेले पुरे.

माझ्या मते देवतेची आकृतीच पदकावर उतरवण्यापेक्षा त्या देवतेच्या अंगावर शिल्पकाराने कोरलेले अलंकार पाहावेत. कानांतली कुंडले, दंडावरची केयूरे, कमरेची मेखला यांत आपल्या कामाचे नमुने विखुरलेले आहेत, आणि पैंजणावर देव का आणलात, असे ऐकून घेण्याची वेळही येत नाही. अडचण निराळीच आहे. दगड दागिन्याचा केवळ दर्शनी भाग दाखवतो. कडी कोठे होती, अडकवण्याचा फासा कसा बसत असे, मागची बाजू कशी होती आणि वजन किती होते, हे तो सांगत नाही, त्यामुळे तो भाग आपल्यालाच रचावा लागतो. शिळेवर शोभणारे जाडजूड कुंडल भरीव चांदीत केले, तर कानाची पाळी ओघळेल. ते दोन पातळ पत्र्यांना उठाव देऊन, कडांना डाख देऊन (वितळवलेल्या धातूने सांधून) पोकळ करावे, आणि डाख देण्यापूर्वी मागे बारीक छिद्र ठेवावे, कारण आत कोंडलेली हवा व वाफ तापल्यावर जोड फोडते. झिजलेल्या शिल्पातील अस्पष्ट रेषा अंदाजाने भरून काढण्याचा मोहही टाळावा. चार ठळक रेषा घ्याव्यात आणि बाकीचे सोडून द्यावे.

जुनेपणाच्या झाकेसाठी लिव्हर ऑफ सल्फर या पोटॅशियम-गंधकाच्या रसायनाचे कोमट, अगदी सौम्य द्रावण वापरतात. त्यातील गंधकामुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. दागिना धुऊन उंचवटे पुसून उजळले की खोलगट भागांत काळेपणा राहतो. हे काम उघड्या हवेत करावे आणि द्रावणात आम्ल कदापि पडू देऊ नये, कारण त्यातून विषारी वायू सुटतो. आपल्याकडच्या दमट हवेत चांदी नाहीतरी लवकर काळवंडते (त्याचे पैसे पडत नाहीत), म्हणून पहिला थर फिकाच ठेवावा आणि विकेपर्यंत दागिने हवाबंद पिशवीत राखावेत.