पेशींचं रीप्रोग्रॅमिंग करून डोळ्याचा पडदा पुन्हा तयार होतो का?

तुम्ही विचारलंय की भावाला रेटिनायटिस पिग्मेंटोसा (पडद्यातल्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा आनुवंशिक आजार) आहे, रीप्रोग्रॅमिंगने, म्हणजे एका प्रकारच्या पेशीचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करून, रेटिना (डोळ्याचा पडदा) पुन्हा तयार होतो असं वाचलं, आणि एक क्लिनिक स्टेम सेलचं इंजेक्शन द्यायला तयार आहे, तर घ्यावं का?

इंजेक्शन घेऊ नका. रीप्रोग्रॅमिंगचं संशोधन खरं आहे, पण क्लिनिक विकतंय ती गोष्ट निराळी.

झेब्राफिशच्या पडद्याला इजा झाली की तिथल्या म्युलर ग्लिया नावाच्या आधार देणाऱ्या पेशी पुन्हा अपक्व अवस्थेत जाऊन विभागतात आणि नव्या चेतापेशी बनवतात. माशाला पुन्हा दिसू लागतं. आपल्याकडेही म्युलर पेशी आहेत, पण इजा झाली की त्या बहुतेक व्रणच करून बसतात. २०१७ मध्ये टॉम रे यांच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने प्रौढ उंदरांच्या म्युलर पेशींत एएससीएल१ हे जनुक चालू केलं, जोडीला डीएनएची गुंडाळी सैल करणारं औषध दिलं. काही पेशी चेतापेशी झाल्या, शेजारच्या पेशींशी जोडल्या गेल्या, प्रकाशाला प्रतिसादही देऊ लागल्या. पण त्या मुख्यतः पडद्याच्या आतल्या थरातल्या होत्या. तुमच्या भावाच्या आजारात आधी मरतात त्या रॉड पेशी, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या. बातम्यांत नेमकं हेच गळतं.

२०२० मध्ये तर एकच जनुक (पीटीबीपी१) दाबलं की म्युलर पेशींच्या चेतापेशी होतात, असा दावा आला. बराच गाजला. पुढे इतर प्रयोगशाळांनी म्युलर पेशींवर पक्की खूण करून तपासलं, तर त्यांचं रूपांतर झालेलंच नव्हतं. मूळ प्रयोगात जनुकीय साधनं पोचवायला वापरलेल्या विषाणूबरोबर पाठवलेली चमकणारी खूण आधीपासून असलेल्या चेतापेशींतही उमटत होती. तेव्हापासून 'नवी पेशी' हा शब्द दिसला की मी आधी विचारतो, ती कुठून आली हे दाखवलं कसं?

दुसरा मार्ग माणसापर्यंत पोचलाय. जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांच्या पद्धतीने त्वचेच्या पेशी मूळ अवस्थेत नेऊन त्यांपासून पडद्यामागचा रंगद्रव्याचा थर बनवला, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये जपानमध्ये मासायो ताकाहाशी यांच्या गटाने तो मॅक्युलाच्या (पडद्याच्या मधल्या भागाच्या) विकाराच्या एका वृद्ध रुग्णाला बसवला. नजर सुधारली नाही, पण टिकली. मात्र दुसऱ्या रुग्णासाठी केलेल्या पेशींत जनुकीय बदल दिसले आणि काम थांबवावं लागलं. इतकी काळजी घेतात.

उलट फ्लोरिडातल्या एका क्लिनिकने चरबीतून काढलेल्या पेशी तीन वयस्क बायकांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या. त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली. २०१७ मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

भावाची जनुकीय चाचणी मात्र करून घ्या. दोष आरपीई६५ या जनुकात निघाला तर काही देशांत जीन थेरपी उपलब्ध आहे (प्रचंड महाग), आणि ती जिवंत पेशींवरच चालते, म्हणून चाचणी लांबवू नका. क्लिनिकवाल्यांना सीटीआरआयवरचा (भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. खऱ्या क्लिनिकल चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत.