लेकीची ठेव, बेदाण्याची पट्टी आणि कॅम्पर व्हॅन

प्रश्न : आम्ही तासगाव तालुक्यातले. तीन एकर द्राक्षबाग आहे, सगळा माल बेदाण्याला जातो. बायको शिक्षिका आहे, तिचा ५२,००० रुपये पगार हातात येतो. मुलगी नववीत, मुलगा चौथीत. आई ६८ वर्षांची आहे, तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे. सगळ्यांनी मिळून एकदा हिमालय बघायचा, तोही कॅम्पर व्हॅनमधून, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीतून, अशी फार दिवसांची इच्छा आहे. पुण्यात एक वापरलेली टेम्पो ट्रॅव्हलर कॅम्पर करून साडेतेरा लाखांना विकायला आहे. मुलीसाठी पतसंस्थेत ठेवलेले ६ लाख मोडायचे, ६ लाखांचे वैयक्तिक कर्ज १३ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घ्यायचे आणि उरलेले बेदाण्यातून घालायचे, असा विचार आहे. मे-जूनमध्ये २४ दिवसांत सांगली, मनाली, लेह, श्रीनगर करून परत यायचे. नंतर गाडी महाबळेश्वरला भाड्याने लावली की हप्ता सुटेल. भाड्याची कॅम्पर चालकासह दिवसाला १२,००० सांगतात, तो आकडा अंगावर येतो. गाडी घ्यावी का?

उत्तर : दादा, गाडी घेऊ नका. सहलीला मात्र जा, आणि येत्या मे महिन्यातच जा. मुलगी एकदा दहावीत गेली की पुढची तीन वर्षे तिच्या सुट्ट्या क्लासवाले ठरवतील. आईचे गुडघे आज साथ देतात. पाच जण एकत्र निघण्याची ही वेळ पुन्हा जुळेलच असे नाही, म्हणून सहल पुढे ढकला असे मी सांगणार नाही.

आता भाड्याचे १२,००० का अंगावर येतात, ते बघू. तो आकडा समोर दिसतो, मालकीचा दिसत नाही. साडेतेरा लाखांची गाडी पाच वर्षांनी सात लाखांना गेली असे धरू, हे मी मोकळ्या हाताने धरते आहे. म्हणजे साडेसहा लाख तिथे गेले. १३ टक्क्यांनी ६ लाखांचा हप्ता महिन्याला सुमारे १३,६५० रुपये बसतो, पाच वर्षांत २ लाख १९ हजार नुसते व्याज. मुलीचे ६ लाख बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते तरी २ लाख २२ हजार वाढले असते, ते गेले. विमा, टायर, बॅटऱ्या, सर्व्हिसिंग मिळून वर्षाला ७५,००० धरा, पाच वर्षांचे पावणेचार लाख. बेरीज १४ लाख ६६ हजार होते. बाग आणि शाळा सांभाळून तुम्ही वर्षातून किती रात्री त्या गाडीत झोपाल? पंधरा म्हटल्या तरी पाच वर्षांत पंच्याहत्तर. म्हणजे एका रात्रीला साडेएकोणीस हजार रुपये, आणि त्यात डिझेल धरलेलेच नाही.

भाड्याचे १२,००० आता परत वाचून बघा.

महाबळेश्वरला गाडी लावण्याच्या बेताबद्दल थोडे कडक बोलावे लागेल. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून हा विचार घेऊन माझ्याकडे आलेले तुम्ही पहिले नाही. खासगी वापरासाठी नोंदलेली गाडी भाड्याने देता येत नाही. त्यासाठी व्यावसायिक नोंदणी, परवाना, ठरावीक मुदतीने फिटनेस आणि वेगळा, महाग विमा लागतो. खासगी विम्यावर गाडी भाड्याने दिली आणि पसरणी घाटात काही झाले, तर गाडी भाड्याने दिल्याचे कारण दाखवून कंपनी दावा नाकारू शकते. मग नुकसानभरपाई मालक म्हणून तुमच्या गळ्यात. शिवाय महाबळेश्वर तुमच्यापासून दीडशे किलोमीटरच्या वर. पाहुणे गेल्यावर गादीची चादर कोण बदलणार, संडासाची टाकी कोण रिकामी करणार? पावसाळ्याचे चार महिने तर तिथे कॅम्परला कोण विचारतो? हप्ता मात्र बाराही महिने चालू राहणार.

तुम्ही पाठवलेला आरसी बुकाचा फोटो मी मोठा करून पाहिला. त्यात वाहनाचा प्रकार अजून प्रवासी वाहन असाच आहे आणि आसने तेरा. गाडीत प्रत्यक्षात पलंग, ओटा, गॅसची शेगडी. म्हणजे बदल केले, पण ते नोंदवून घेतलेले नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असे बदल मंजुरीशिवाय करता येत नाहीत. मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. विकणारा म्हणेल, 'आजवर कुणी अडवलं नाही.' त्याला अडवले नसेल, पण व्यवहार झाल्यावर मालक तुम्ही. दुसरी एखादी व्यवस्थित नोंदलेली गाडी मिळाली तरी माझे उत्तर तेच राहील. ही गाडी मात्र फुकट दिली तरी घेऊ नका.

तुमच्या पत्रातला खरा घोळ मला हप्त्यात दिसतो. बेदाण्याचे पैसे वर्षातून दोन-तीन वेळा, सौद्यात माल गेला आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात आली की येतात. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला येतो. म्हणजे तो वहिनींच्या पगारातूनच जाणार, घरातल्या एकमेव ठरलेल्या पैशातून. बागेचा खर्च तुम्ही एकरी अडीच लाख लिहिला आहे, तीन एकराचे साडेसात. ऐन फुलोऱ्यात अवकाळी आला तर ते वर्ष पगारावरच काढायचे असते. त्यात हप्ता थकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब, आणि पुढच्या वर्षीच्या पीककर्जाला अडचण. वेळेत फेडले तर राज्यात तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. असे कर्ज जपायचे सोडून १३ टक्क्यांच्या कर्जापायी त्याला धक्का लावायचा, हे मला पटत नाही.

आता सहलीचे. सांगलीहून चंडीगड १,९०० किलोमीटरच्या आसपास आहे. कॅम्परने दिवसाला ३५०–४०० किलोमीटर म्हटले तर जायला पाच दिवस, यायला पाच. २४ पैकी दहा दिवस मे महिन्याच्या उन्हात माळवा-राजस्थानच्या हायवेवर जाणार, पत्र्याच्या गाडीत, आईला घेऊन. डोंगरात राहायला घेतलेले चाकांवरचे घर निम्मा वेळ सपाटीवरच तापणार.

लेहच्या रस्त्याबद्दलही बोलते. मनालीपुढे बारालाचा खिंड ४,८९० मीटर, तंगलंग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर, आणि मधला मुक्कामाचा सरचू ४,२०० मीटरच्याही वर. हॉटेलने जाणारा माणूस निदान खाली जिस्पा किंवा केलाँगला झोपतो. कॅम्परवाल्याला वाटते, घर बरोबर आहे, थांबू इथेच. उंचावर फिरण्यापेक्षा उंचावर झोपणे जास्त त्रास देते, आणि आईंना रक्तदाब आहे. जाण्याआधी डॉक्टरांना विचारा, पण माझे मत स्पष्ट आहे : या वेळी लेह नको.

आणि बाग? मी बागायतदार नाही, पण माझ्याकडे येणारे निम्मे लोक बागायतदार आहेत, त्यांच्याकडूनच शिकले. तुमची खरड छाटणी, म्हणजे माल काढल्यानंतरची छाटणी, १० एप्रिलच्या आसपास होते. छाटणीनंतर चाळीस दिवसांपासून पुढे काडीत घडनिर्मिती सुरू होते, म्हणजे २० मेपासून जूनच्या मध्यापर्यंत. नेमके त्याच काळात तुम्ही २४ दिवस बाहेर! पुढच्या हंगामाचे घड त्याच दिवसांत ठरतात आणि पाणी, शेंडा, फवारणी बघायला घरचे कुणी नाही. याचा खर्च कुठल्याच हिशेबात दिसत नाही, पण सगळ्यात मोठा तोच निघू शकतो.

म्हणून माझा प्रस्ताव असा. २ ते १४ मे. शाळांना सुट्टी लागलेली, सबकेनचे, म्हणजे नव्या फुटींचे शेंडे खुडण्याचे, काम गड्यांना नेमून देता येण्यासारखे, घडनिर्मितीच्या आधी तुम्ही घरी. सांगलीहून गोवा एक्स्प्रेस थेट हजरत निजामुद्दीनला जाते. तिथून चंडीगड, आणि चंडीगडला कॅम्पर ताब्यात घ्यायची, फक्त सात दिवसांसाठी. मंडी, कुल्लू, मनाली. ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यामुळे रोहतांग न चढता पलीकडे लाहौलमध्ये उतरता येते. बोगद्याची दोन्ही तोंडे तीन हजार मीटरच्या जरा वर आहेत. दिवसा बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावाला जाऊन मुलांना बर्फाचे डोंगर दाखवा आणि रात्री झोपायला खाली मनालीला, सुमारे २,००० मीटरवर, परत या. मेच्या सुरुवातीला लेहचा रस्ता खुला असण्याची खात्री तशीही नसते, त्यामुळे मन चुकचुकायचे कारण नाही. तीर्थन खोऱ्यात दोन रात्री काढल्या तर आईंना फार आवडेल, पण तिथून जलोडी खिंडीचा चढ कॅम्परने करू नका.

खर्च असा धरला आहे. थ्री एसीचे पाच जणांचे जाऊन-येऊन २२,०००, दिल्ली-चंडीगड ८,०००, कॅम्पर सात दिवस ८४,०००, डिझेल ९,०००, कॅम्पिंगच्या जागेचे भाडे ८,५००, दोन रात्री हॉटेल ८,०००, खाणे २०,०००, आणि हाताशी १५,०००. पावणेदोन लाख. कॅम्परऐवजी टॅक्सी आणि होमस्टे घेतले तर यातले ४२,००० वाचतील. माझ्याकडचे काही सहकारी तेच सांगतील. मी नाही सांगणार. पत्रात तुम्ही लिहिले आहे की मुलाने वहीच्या मागच्या पानावर गाडीचा नकाशा काढलाय, आजीचा पलंग खिडकीजवळ. त्या नकाशासाठी ४२,००० रुपये आहेत तुमच्याकडे. साडेचौदा लाख नाहीत.

एक मात्र करा. आधी नाताळच्या सुट्टीत एक रात्र भाड्याची कॅम्पर घेऊन वाई, पसरणी घाट, पाचगणी करून या. आम्ही सहा जण मागे असेच गेलो होतो. घाटाच्या दुसऱ्याच वळणाला कपाटाचे दार उघडून स्टीलचा डबा खाली आला आणि पोहे गाडीभर झाले. पहाटे चार वाजता पाणी संपले, कारण रात्री प्रत्येकाने घरच्यासारखा नळ सोडून हात धुतले होते. आमच्या सासूबाईंना वरच्या पलंगावर चढता येईना आणि खालच्यावर कूस बदलता येईना. तुमच्या आईंना जमते का, हे पाचगणीला कळलेले बरे, मनालीला नको. नाहीच जमले तर त्यांच्यासाठी रात्री खोली घ्या, बाकीचे गाडीत झोपा.

पैशांची जुळणी अवघड नाही. वहिनींच्या पगारातून नोव्हेंबरपासून सहा महिने १२,००० वेगळ्या खात्यात टाका, ७२,००० होतील. पाचगणीचा खर्च घरखर्चातून निघेल. शीतगृहातला शिल्लक बेदाणा विकला की त्या पट्टीतले एक लाख त्याच खात्यात. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, म्हणजे मार्चच्या सुरुवातीला. ती तारीख चुकवू नका, मेमध्ये या गाडीला जागा मिळत नाही.

आता ज्या गोष्टीने मला रात्री झोप लागली नाही, ती. मुलीचे ६ लाख पतसंस्थेत आहेत. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, मुद्दल आणि व्याज मिळून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते. माझ्या मावशीने शिवणकाम करून जमवलेले पैसे एका पतसंस्थेत अडकले. दर महिन्याला पावती पिशवीत घालून ती जायची आणि 'पुढच्या महिन्यात या' ऐकून परत यायची. त्या पावतीच्या घड्या फाटून तिला चिकटपट्टी लावली होती, ती माझ्या डोळ्यासमोर आहे. तुमची संस्था चांगली असेल, संचालक ओळखीचे असतील. मावशीच्याही ओळखीचे होते.

म्हणून ठेव मोडायचा तुमचा विचार बरोबर आहे, फक्त पैसे गाडीकडे जायला नकोत. पतसंस्थेच्या ९ टक्क्यांचे बँकेत साडेसहा होतील, वर्षाला साधारण १५,००० कमी मिळतील. तीन लाख एका बँकेत, तीन दुसऱ्या बँकेत, तीन वर्षांसाठी, मुलीच्या प्रवेशाच्या सुमारास हातात येतील असे ठेवा. पावतीची मुदत २८ जानेवारीला संपते असे तुम्ही लिहिले आहे. मुदतीआधी मोडून व्याज घालवू नका, पण २० जानेवारीपर्यंत संस्थेत जाऊन नूतनीकरण करायचे नाही असा अर्ज द्या, आणि त्याच्या प्रतीवर शिक्का व तारीख घेऊनच बाहेर पडा.