दोन मजली पिंजरा, तारेचा तळ आणि गिनीपिगचे तळवे

आपण लिहिले आहे की घरी दोन तरुण गिनीपिग माद्या आहेत, दुकानदाराच्या सांगण्यावरून त्यांच्यासाठी तारेच्या तळाचा दोन मजली पिंजरा घेतला आहे, आणि आता एकीचे मागचे तळवे लालसर दिसू लागल्यामुळे तीन मजली मोठा पिंजरा घ्यावा की पिंजरा गॅलरीत हलवावा, अशा विचारात आपण आहात. माझी जोडी अशाच पिंजऱ्यातून बाहेर पडलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सोबत जोडीदार हवा, सुके गवत अष्टौप्रहर समोर हवे, हे आपण जाणताच, त्यामुळे त्यात शिरत नाही.

तीन मजली पिंजरा कृपया घेऊ नका. गिनीपिग हा चढणारा प्राणी नाही, तो जमिनीवर सरळ रेषेत धावणारा प्राणी आहे. विक्रेते मजल्यांची बेरीज करून जागा सांगतात, पण धावणाऱ्याच्या दृष्टीने दोन आखूड मजले म्हणजे एक लांब मजला होत नाही. शिवाय मजल्यांना जोडणारी उतरण बहुधा फार खडी असते, आणि उघड्या कडेवरून पडून इजा होण्याची भीती राहतेच. जागा मोजायची ती एकाच सलग तळाची: दोघींसाठी निदान ७.५ चौरस फूट, आणि माझे स्पष्ट मत विचाराल तर १०.५ चौरस फुटांपेक्षा कमी नकोच. नरांची जोडी असेल तर याहूनही जास्त, कारण जागा अपुरी पडली की नर एकमेकांच्या अंगावर लवकर जातात.

मात्र आपल्या पोस्टमधली खरी काळजीची गोष्ट क्षेत्रफळ नसून तळ ही आहे. गिनीपिगच्या तळव्यावर सशासारखी केसांची गादी नसते, तिथे उघडी कातडी असते. प्रौढ मादीचे ७०० ते ९०० ग्रॅम वजन दिवसरात्र तारेच्या बारीक काड्यांवर पडत राहिले की कातडीवर ठराविक जागीच दाब येतो. आधी ती जागा गुलाबी आणि चकचकीत दिसते, मग जाड होते, मग बारीक चीर पडते, आणि मूत्राने ओल्या झालेल्या त्या चिरेतून जंतू आत शिरतात. पुढे खपली धरते, पाय सुजतो, आणि दुर्लक्ष झाल्यास संसर्ग हाडापर्यंत पोहोचू शकतो. बंबलफूट म्हणतात तो हाच विकार. माझ्या थोरलीच्या टाचेवर मुगाच्या दाण्याएवढी तपकिरी खपली धरली होती. ती खाताना एक मागचा पाय किंचित उचलून धरायची आणि थोड्या वेळाने दुसरा, एरवी तिच्या वागण्यात काहीही फरक नव्हता.

सर्वांत जास्त वेळ गेला तो एका दवाखान्यात. नाव घेत नाही, आणि तिथल्या लोकांचा हेतू वाईट होता असेही मला म्हणायचे नाही. पण दर वेळी मलम बदलले, पट्टी बदलली, वजन जास्त आहे असे सांगितले, आणि हा प्राणी घरी कशावर उभा असतो हे मात्र एकदाही विचारले नाही. टेबलावर ती मऊ टॉवेलवर बसलेली असायची. जखम करणारी जाळी घरीच राहायची. जखम भरत यायची आणि पुन्हा उघडायची. मी स्वतः पिंजऱ्याविषयी विचारले तेव्हा "सगळे असेच पिंजरे वापरतात" असे उत्तर मिळाले. त्या वाक्याचा राग मला अजून आहे, कारण त्या सगळ्या काळात वेदना सोसत होती ती थोरली. पुढे लहान प्राण्यांचा अनुभव असलेल्या दुसऱ्या पशुवैद्यांकडे गेले, तर त्यांनी पाय पाहण्याआधीच विचारले, "हिच्या पायाखाली काय असते?" म्हणून आपल्याला आग्रहाने सांगते, दवाखान्यात जाताना पिंजऱ्याच्या तळाचा आणि अंथरुणाचा फोटो बरोबर न्या, आणि कुणी विचारो न विचारो, तो दाखवा.

मी पशुवैद्य नाही, त्यामुळे औषध सुचवणार नाही. मात्र घरातल्या कुत्र्या-मांजराचे उरलेले प्रतिजैविक तिला चुकूनही देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातील औषधे तोंडावाटे दिल्यास गिनीपिगच्या आतड्यांतले उपयुक्त जिवाणू मरतात आणि जीव जाऊ शकतो.

आता पर्याय. चौदा इंची तारेच्या चौकटी जोडून भिंती कराव्यात आणि आत नालीदार प्लास्टिकचा पत्रा दुमडून सपाट, भरीव तळ करावा, ही रचना मला सर्वांत पटलेली आहे. लांबीला चार आणि रुंदीला दोन चौकटी लावल्या की वर सांगितलेले क्षेत्रफळ मिळते. चौकटीतील भोके साधारण दीड इंचापेक्षा मोठी नसावीत, नाहीतर पिल्लाचे डोके अडकते. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर वरून झाकण हवेच. काचेच्या टाकीचा मोह टाळा. तिच्यात वारा खेळत नाही, मूत्राचा अमोनिया साचतो आणि श्वसनाचे आजार होतात.

तळावर फ्लीसचे कापड घालणार असाल तर त्याखाली शोषून घेणारा थर लागतो, आणि ते धुताना कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये, कारण मग पाणी खाली झिरपत नाही आणि वरचा भाग ओला राहतो. ओले फ्लीस तळव्यांना जाळीइतकेच घातक ठरते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. कागदाचे अंथरूणही चांगले. देवदाराचा भुसा मात्र नको, त्यातील तीव्र वासाची द्रव्ये श्वासाला बाधतात. लपायला दोघींना वेगवेगळी घरे द्या आणि प्रत्येकाला दोन तोंडे असू द्या, म्हणजे एकीने दुसरीला आत कोंडण्याचा प्रश्न उरत नाही.

गॅलरीविषयी: नको. गिनीपिगला साधारण १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान मानवते, आणि २७-२८ अंशांपुढे उष्माघाताचा धोका वाढत जातो. घरातली वावर असलेली, पण थेट ऊन आणि वाऱ्याचा झोत नसलेली जागा निवडा.

नवे घर तयार होईपर्यंत थांबू नका. आजच वरचा मजला बंद करा, जाळीवर बसेल असा भरीव पत्रा किंवा पुठ्ठा टाका, त्यावर जाड टॉवेल अंथरा आणि ओला झाला की लगेच बदला. आठवड्यातून एकदा वजन करता तेव्हाच दोघींचे चारही तळवे उजेडात पाहा, आणि नखेही पाहा. ती वाढून वळली असतील तर पाऊल तिरके पडते आणि त्याच दुखऱ्या जागेवर भार येतो. लाल जागेवर खपली किंवा सूज आहे का, हे आपण लिहिलेले नाही. असेल तर पिंजऱ्याचे काम नंतर करा, आधी पशुवैद्यांची वेळ घ्या.