तर्गूल नावाची फ्रेंच तांदळाची खीर पौष्टिक असते का? कॅलरी किती?

कॅलरीचं सांगते, पण आधी तिला खीर म्हणू नका. खीर आपण पातेल्याशी उभं राहून ढवळतो, तर्गूल ढवळायचीच नसते.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही दोन वर्षं नॉर्मंडीत, काँ शहरात होतो. घरमालकीणबाई मातीच्या खोलगट भांड्यात तळाला कोरडा तांदूळ, साखर, दालचिनी, चिमूट मीठ टाकायच्या, वरून गार दूध ओतायच्या आणि मंद ओव्हनमध्ये पाच-सहा तास तिकडे बघायच्याही नाहीत. वर जाड तपकिरी, जवळजवळ काळी साय धरते, आत बासुंदीसारखं दाट. मी एकदा न राहवून मध्येच चमचा घातला आणि साय मोडली, तर बाई दिवसभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

पुण्यात परत आल्यावर दिवाळीला हौसेने केली, आंबेमोहोर घालून. ओटीजीचा टायमर तासाभराचाच, पाच वेळा उठून फिरवला. टेबलावर ठेवते न ठेवते तोच मोठ्या जाऊबाई सगळ्यांसमोर, "अगं, करपवलीस की खीर!" आणि वरची सगळी साय काढून खरकट्यात. अहो, तिच्यासाठीच तर एवढा खटाटोप! ह्याच बाई खवा आटवला की कढईची खरवड कुणाला देत नाहीत. तर्गूल म्हणजे म्हणे तोंड वेडंवाकडं करायला लावणारी, जाऊबाईंनी ते न खाताच केलं. सहा वर्षं झाली, अजून प्रत्येक कार्यात हा किस्सा निघतोच.

असो. 2 लिटर दूध, 150 ग्रॅम तांदूळ, 180 ग्रॅम साखर, एवढ्यात आठ जणांचं होतं. माणशी साधारण 315 कॅलरी, 9 ग्रॅम प्रोटीन, 300 मिलिग्रॅम कॅल्शियम; प्रोटीन आणि कॅल्शियम बहुतेक सगळं दुधातलं. तांदूळ माणशी जेमतेम दीड टेबलस्पून येतो, त्यामुळे "भात आहे, वजन वाढेल" हे मला कुणी सांगू नये. खरी गडबड साखरेची, माणशी साडेबावीस ग्रॅम! ती 120 ग्रॅमवर आणा, काही बिघडत नाही. स्किम दूध मात्र नको, पाणचट लागते.

हां, हिशोब गाईच्या फुल फॅट दुधाचा आहे, म्हशीचं घेतलंत तर कॅलरी वाढणार. डायबेटिस असेल तर डॉक्टरांना विचारूनच खा. आणि करपली म्हणणाऱ्याची वाटी सरळ उचलून घ्या, मी त्या दिवशी घेतली नाही.